पेशी वाढतायत, काका

आधी माफी मागतो. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच. असं काही लिहिणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, तरी लिहितो.

बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये आलेला तुकडा जामखेडकडच्या सहा वर्षांच्या मुलीच्या मेंदूतल्या गाठीचा होता. ऑपरेशन नगरला झालं होतं. संमतीचा फॉर्म तिच्या वडिलांना समजावायला आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी मला पाठवलं होतं. "तू त्यांच्यासारखं बोलतोस," म्हणाल्या. 'हा उपचार नाही, संशोधन आहे' हे वाक्य फॉर्मवर होतं. मी ते भरभर वाचलं. वडील मला सायेब म्हणत होते. तसं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

पेशींना वाढायला एक निरोप लागतो. तो देणाऱ्या प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. लॅबमध्ये आम्ही ते सीरममधून देतो, म्हणजे वासराच्या रक्तातल्या पातळ भागातून. पेशी ताटलीत रुजल्यावर सीरम बंद करून त्यांना उपाशी ठेवायचं आणि तरीही त्या वाढतात का ते पाहायचं, हे माझं काम.

दोन दिवसांनी पाहिलं. पेशी वाढल्या होत्या. निरोप त्या स्वतःच बनवत होत्या. प्रयोग जमला होता, मी खुशीत होतो. तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

"सायेब, पोरीच्या पेशी कशा हायेत?"

"मस्त वाढतायत, काका."

फोन तसाच चालू ठेवून ते बायकोला म्हणाले, "अगं, आयकलं का? वाढत्यात म्हनं."

पुढच्या सोमवारी मीच फोन केला. लाईट कशी चाललीय विचारलं. ऑपरेशननंतर मुलीला रेडिएशन चालू होतं, त्याला तिकडे लाईटच म्हणतात.

"बंद केली. पेशी वाढायल्या म्हनल्यावर कशाला? पोर लई ओकायची."

मी मॅडमकडे धावलो.

"त्या गाठीच्या पेशी आहेत, वाढल्या तर वाईट, हे सांगितलं होतंस?"

"नाही, मॅडम."

त्यांनी स्वतः फोन करून, स्पीकरवर ठेवून समजावलं. शेवटी वडील म्हणाले, "मंग सायेब खुशीत का हुते?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मुलीला पुन्हा लाईट सुरू झाली, पण मधले नऊ दिवस गेले ते गेलेच.

लॅबमधला आनंद पेशंटच्या घरी कळवू नये, एवढं मी शिकलो. नऊ दिवसांनी फरक पडला का, हे डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

मुलगी पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली. मला कळलं तेव्हा तिचा तेरावा होऊन गेला होता.