दोन स्लेडचा ट्रेलर

मी कराड सोडलं त्या सकाळी माझे वडील, अण्णा, एका ट्रकचा मागचा फाळका बसवत होते. मुंबईला न्यायला जीप दारात उभी होती, आईचं दही हातावर ठेवून झालं होतं, शेजारचे चौघे उगाचच माझ्या बॅगा उचलून बघत होते, आणि अण्णा घरामागच्या शेडमध्ये बिजागरीला ग्रीस लावत होते. मी शेडच्या दारात जाऊन "निघतो" म्हणालो. "एवढी कडी बसते का बघतो, आलोच," असं ते म्हणाले. कडी काही बसेना. जीपवाल्यानं तिसऱ्यांदा हॉर्न दिला तेव्हा मीच आत जाऊन वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, कारण हाताला ग्रीस होतं आणि माझा शर्ट नवा होता. "जेवत जा वेळेवर," एवढंच म्हणाले.

अण्णा ट्रकच्या बॉड्या बांधायचे. कंपनीकडून नुसती चेसिस यायची, पुढे इंजिन आणि मागे उघडा सांगाडा. त्यावर केबिन, बाजूच्या पाळ्या, फाळका, ताडपत्रीच्या कड्या, सगळं आमच्या शेडमध्ये चढायचं. कुणाला ऊस वाहायचा असे, कुणाला विटा, कुणाला कोंबड्या. गिऱ्हाईक आपल्या मागण्या सांगायला लागलं की अण्णा मान डोलवून ऐकायचे आणि ते गेल्यावर मला म्हणायचे, "हा सांगतोय त्याच्या दीडपट भरणार. याचं ऐकायचं नाही, मालाचं ऐकायचं." मग खडू घेऊन शेडच्या फरशीवर अख्खी बॉडी पूर्ण मापात काढायचे आणि त्या रेघांच्या आत चालून बघायचे. शेड मी सांभाळावी अशी त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कधी तोंडानं सांगितली नाही आणि मी कधी विचारली नाही. आमच्या घरात अशा गोष्टी तशाच राहायच्या.

मी ब्रिस्टलला आलो आणि विमानाचे पंख करणाऱ्यांच्या एका ऑफिसात लागलो. करणाऱ्यांच्या म्हणजे, मी पंखाला हात लावत नाही. पंखाच्या आतल्या एका आधाराचं वजन थोडं कमी करता येईल का, यावर मी आयुष्याची बरीच वर्षं मीटिंगा केल्या आहेत. तिकडे राहिलेल्यांना हे सांगितलं की ते आदरानं गप्प होतात. इकडे आलेल्यांना सांगितलं की ते आपल्या मीटिंगा सांगायला लागतात.

एकदा अण्णांनी फोनवर विचारलं होतं, "तुझं ते काम बघायला मिळतं का रे? आलो तर?" मी म्हणालो, "नाही हो अण्णा, सिक्युरिटी असते. आत सोडत नाहीत." हे खरं होतं. पण वर्षातून एक दिवस ते घरच्यांना आत सोडायचे, मुलाबाळांना, आईवडिलांना, चहाबिस्किटांसकट, आणि हे मला माहीत होतं. व्हिसा, विमान, त्यांचे गुडघे, माझी रजा, असं सगळं मनात आलं आणि म्हटलं पुढच्या वर्षी बघू. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चार वर्षांनी ते गेले. मी काय काम करतो ते त्यांनी कधीच पाहिलं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. ते वाटणं आता जुनं झालंय, पण गेलेलं नाही.

आमची सई ब्रिस्टलची. जन्म इथला, शाळा इथली, मराठी घरातली. आम्ही वडिलांना अहो-जाहो करायचो, ती मला अरे-तुरे करते. तीही इंजिनियर झाली, माझ्यासारख्याच ऑफिसात लागली आणि दोन वर्षांनी एका रविवारी जेवताना म्हणाली की ती नोकरी सोडून स्कॉटलंडला, हायलँड्समध्ये जातेय, स्नोमोबाइल दुरुस्त करायला. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटरसायकल, पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा. तिथले लोक तिला नुसतं स्लेड म्हणतात. स्की सेंटरवाले आणि डोंगरातल्या मोठ्या इस्टेटींवाले त्या वापरतात, त्या बिघडतात, आणि दुरुस्त करणारं माणूस जवळपास सापडत नाही. पुढे इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोकांनी "ब्रिटनमध्ये कुठली आलीय स्नोमोबाइल?" असं विचारून घेतलं. मी अण्णांच्या ग्रीसपासून पळून पांढऱ्या शर्टात बसलो आणि माझी मुलगी पांढरा शर्ट काढून ग्रीसमध्ये चालली होती. यावर हसावं की काय करावं ते मला कळेना, म्हणून मी तिला पुन्हा वरण वाढलं.

ती जाणार हे तर उघडच होतं, ती माझ्या परवानगीसाठी थांबली नव्हती. मला भीती वेगळीच होती. तिकडे गेल्यावर ती मला कधी बोलावेल का? की मीही फोनवर हवापाणी विचारणारा, आपल्याच पोरीचं काम न पाहिलेला बाप होणार?

म्हणून मी म्हणालो, ट्रेलर आमच्याकडून. बंद ट्रेलर, दोन स्लेड मावतील असा. स्लेड गावोगावहून आणायच्या आणि दुरुस्त करून पोचवायच्या, म्हणजे तो लागणारच होता. नॉटिंगहॅमच्या बाहेर एक कारखाना आहे, तो रेसच्या मोटरसायकलींसाठी, बाजारात स्टॉल लावणाऱ्यांसाठी असे पेटीसारखे ट्रेलर सांगाल तसे बांधून देतो. त्यांनी एक लांबलचक फॉर्म पाठवला. एक एक्सल की दोन? मागे रॅम्प की दारं? बाजूला दार हवं का? जमीन किती जाडीची? छताला झरोके? आतून अस्तर? माल बांधायला कड्या किती? मी सईला म्हणालो, "तू पॅकिंग कर, हे मी बघतो." तीन संध्याकाळी मी तो फॉर्म भरत होतो. इतकं मन लावून मी बऱ्याच वर्षांत काही केलं नव्हतं.

दोन एक्सल घेतले. सर्वांत जाड प्लायची जमीन घेतली आणि तिच्याखाली जास्तीचे आडवे पट्टे. भिंतींना कमरेपर्यंत आतून लोखंडी पत्रा. स्टेपनी दोन. छतावर कॅरियर, कारण कधीतरी लागतं. भिंतींत थंडी अडवणारं अस्तर, एक छोटी खिडकी, विजेचा प्लग आणि भिंतीला दुमडून ठेवायचा एक बाक. बायको मागून बघून गेली आणि म्हणाली, "लग्नाचं वऱ्हाड नेणार आहेस का यातून?" मी लक्ष दिलं नाही.

सईनं तो फॉर्म उघडला आणि पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात आली.

"बाबा, तू वजन बघितलास का? ट्रेलरच एवढा जड झालीय की लिमिटमध्ये एकच स्लेड जाणार. वन स्लेड अँड अ सँडविच."

"लिमिट कागदावर असतं गं. थोडं जास्त भरलं तर काय होतंय? मजबूत केलाय मी."

"दे स्टॉप यू, बाबा. रस्त्यावर थांबवतात, काट्यावर नेतात. लायसन्स माझं जाणार ना."

ती बरोबर होती. कराडच्या शेडमध्ये बॉडी जितकी दणकट तितकी चांगली, कारण माल दीडपट भरलाच जाणार. इथे ट्रेलर आणि माल मिळून वजनाला एकच मर्यादा असते. मी चढवलेला प्रत्येक पत्रा तिच्या स्लेडच्या वाट्याचं वजन खात होता. आणि हे मला, वजन कमी करण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला, तीन संध्याकाळी सुचलं नव्हतं. ऑफिसात कळलं असतं तर महिनाभर चहाच्या वेळी दुसरा विषय निघाला नसता.

"बरं, पत्रा काढतो," मी म्हणालो.

"आणि ही खिडकी? हीटिंगचा प्लग? हा बाक?" तिनं विचारलं. "हू इज स्लीपिंग इन इट?"

मी बाकाबद्दल काहीतरी तांत्रिक बोलायला लागलो. मग राहवलं नाही आणि खरं ते सांगितलं. "नाहीच जमलं तिकडे, तर सगळं सामान एका खेपेत घेऊन येता येईल. वाटेत थांबावं लागलं तर झोपता येईल."

"मला वाटलं तू माझ्या कामाचा ट्रेलर बनवतोय," ती म्हणाली. "तू तर माझा परत यायचा ट्रेलर बनवलास."

ती रागावली असती तर मी वाद घातला असता. ती रागावली नव्हती, तिला वाईट वाटलं होतं. मी तिला सॉरी म्हणालो. अण्णांना मी आयुष्यात कधी सॉरी म्हणालो नव्हतो, त्यांनीही मला नाही, आणि घरात हा शब्द उच्चारणं इतकं कठीण नसतं हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दुकानातून मुलांचे जाड खडू आणले आणि घरापुढच्या ड्राइव्हवेवर ट्रेलर पूर्ण मापात काढला. सईनं स्लेडची मापं सांगितली, मी त्याही आत काढल्या. समोरच्या घरातले आजोबा पडदा सरकवून बघत होते. आम्ही दोघं रेघांच्या आत उभे राहिलो आणि मी पहिल्यांदाच विचारलं, "तू नक्की करतेस काय, सांग. पहिल्यापासून सांग."

तिनं सांगितलं. स्लेड मागे घेणं कटकटीचं असतं, म्हणून ती मागून चढवायची आणि पुढून उतरवायची. म्हणजे पुढेही रॅम्प हवा, छतावरचं कॅरियर गेलं तरी चालेल. बर्फ आत वितळतो, पाणी साचतं, म्हणून जमिनीला भोकं हवीत आणि वर झरोके. स्कीच्या खालच्या धारदार पट्ट्या लाकूड खरवडतात, म्हणून जाड प्लायपेक्षा साधा प्लाय आणि त्यावर स्की जातील तिथेच प्लॅस्टिकच्या पट्ट्या. रस्त्यावर थंडीभर मीठ टाकतात, त्यामुळे चेसिस जस्त चढवलेलीच हवी. बाजूचं दार हवं, पण डाव्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडेला उभं राहून काम करताना मागून गाडी येत नाही. हे डाव्या अंगाचं माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. मी एक्सलची जागा बदलून हुकावर किती भार येतो ते काढून दिलं, आणि तिनं ते तपासलं, आणि एका ठिकाणी माझी चूक निघाली. दुपारी तीनपर्यंत आमचं जेवण झालं नव्हतं. खिडकी गेली, अस्तर गेलं, प्लग गेला, एक स्टेपनी गेली, एक एक्सल गेला. बाकावर तिनं स्वतःच्या हातानं फुली मारली. दोन स्लेड आणि तिची हत्यारं मावून थोडं वजन शिल्लक राहिलं.

शेवटी डिलिव्हरीचा पत्ता राहिला होता. तिथे मी ब्रिस्टलचा लिहून ठेवला होता. तो खोडून मी तिचा तिकडचा पत्ता तिला विचारला आणि लिहिला. माझं अक्षर वाईट आलं.

ट्रेलर ऑगस्टमध्ये परस्पर उत्तरेला गेला. मी त्याचे फोटो पाहिले. सई गेली त्या दिवशी मी स्टेशनवर तासभर आधी पोचलो होतो आणि प्लॅटफॉर्मवर उगाच सूचना देत होतो. मग सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. फोन यायचे. "हवा कशी आहे?" मी विचारायचो. "थंड," ती सांगायची. "जेवलीस का?" मी विचारायचो. कामाला फार गर्दी आहे म्हणायची. ये असं म्हणाली नाही. मी येऊ का, असं विचारायचं मी टाळलं, कारण या प्रश्नाला काय काय उत्तरं देता येतात ते मला चांगलं माहीत होतं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी तिचा ऑफिसच्या वेळात फोन आला.

"बाबा, माझी पिकअपचा गिअरबॉक्स गेला. शुक्रवारी दोन स्लेड स्की सेंटरला द्यायच्या आहेत, प्रॉमिस केलंय. तुझ्या गाडीला टोबार आहे ना?"

गाडीमागचा तो ओढायचा हूक होता. सायकलींच्या रॅकसाठी बसवला होता.

"मी हिशोब केला. आपला ट्रेलर लाइट आहे, तुझी गाडी ओढेल. तू येशील? आणि येताना तुझ्या नंबरची एक प्लेट करून आण."

या देशात अशा ट्रेलरला स्वतःचा नंबर नसतो. जी गाडी त्याला ओढते तिचाच नंबर त्याच्या पाठीवर लावायचा असतो. मी साहेबाला रजा हवी म्हणून सांगितलं, गाडीची कागदपत्रं घेऊन दुकानात गेलो, पिवळी प्लेट करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. दहा तासांच्या वर गाडी चालवली. वाटेत बायकोनं दिलेले पराठे खायचं विसरलो.

तिची शेड मी तेव्हा पाहिली. एका स्लेडचं पोट उघडं होतं, जमिनीवर खडूच्या खुणा होत्या, आणि ती आत वाकून काहीतरी बसवत होती. "एक मिनिट हं बाबा," ती म्हणाली. मी म्हणालो, सावकाश कर, मला घाई नाही. एका डब्यावर बसून मी पाऊण तास तिचं काम बघितलं. शुक्रवारी आम्ही दोघांनी स्लेड चढवल्या, मी ट्रेलर ओढला, ती शेजारी बसून वळणं सांगत होती, तिथे पोचल्यावर गाडी सोडवून बाजूला घेतली, आणि पुढच्या रॅम्पवरून दोन्ही स्लेड सरळ बर्फात उतरल्या.

घर कुठलं, असं आपल्यातले लोक एकमेकांना विचारत असतात. मी इतकी वर्षं कराड सांगायचो, मग ब्रिस्टल, आणि दोन्ही सांगताना थोडं खोटं बोलल्यासारखं वाटायचं. कराडला आता माझ्यासाठी काही अडत नाही आणि ब्रिस्टलला मी नसलो तर कचऱ्याचे डबे बाहेर काढायचे राहतात, एवढंच.

रविवारी निघताना मी स्क्रूड्रायव्हर घेऊन ट्रेलरची प्लेट काढली आणि गाडीच्या डिकीत टाकली. सईनं ती बाहेर काढली, पुसली, आणि शेडमध्ये, ट्रेलरला लावायच्या आपल्या पिकअपच्या नंबरच्या प्लेटशेजारी, एका खिळ्याला अडकवली.

"ही इथेच राहू दे," ती म्हणाली. "परत लागेल."