फाळका एका हातानं

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि माझी पिकअप माझ्याकडं येऊन चाळीस वर्षं झाली होती. भिंगारला लिलावातून आणली तेव्हाच ती जुनी होती. लांब नाक, दोन गोल दिवे. मी जन्मभर गवंडीकाम केलं आणि त्या गाडीनं माझी वाळू, सिमेंट, बल्ल्या ओढल्या. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण माझ्या हातची भिंत बोटभर कललेली कुणी दाखवावी.

इंजिन ठणठणीत होतं. सडला होता तो मागचा हौदा. तळाच्या पत्र्याला भोकं पडलेली, आणि मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं खाली पडणारं दार, हातोडीशिवाय लागत नव्हतं. एकदा ती हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली. नख काळं पडलं. मुलगा संगमनेरला नोकरीला, सुट्टीला घरी आला आणि नख बघून हटूनच बसला.

"दादा, बास झालं. गाडी भंगारात द्या."

"हौदा बदलतो."

"असले हौदे आता मिळतात का?"

"मिळवतो."

"बरं. आईला एका हातानं फाळका लावता आला, तर मी परत भंगाराचं नाव काढणार न्हाई. न्हाई आला, तर सोमवारी सकाळी भंगारवाला येईल. सांगून ठेवतो."

"सांग की. त्याला चहा मी पाजतो."

संगमनेरलाच माझ्या गाडीच्या जातीची एक गाडी मोडीत उभी होती. तिचा हौदा सुटा करून आणला. तळ, दोन बाजू, पुढची भिंत आणि फाळका. पत्रा चांगला जाड होता, आतासारखा पापडाचा नाही.

रविवारी सकाळी अंगणात काम काढलं. ग्रील-गेटाचं वेल्डिंग करणारा माझा जुना दोस्त मदतीला आला. आधी तळ गाडीच्या चेसीवर ठेवला, मग बाजू उभ्या केल्या, बोल्ट नुसते हातानं फिरवून ठेवले. वेल्डर टेप काढायला लागला. मी म्हणालो, ठेव खिशात. सुतळी घेतली, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणली, गाठ मारली. तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांत धरली. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली. घराचा पाया असाच गुण्यात, म्हणजे काटकोनात, धरतात. केबिन आणि हौदा यांच्यात दोन्हीकडं दोन-दोन बोटं फट ठेवली आणि पुढचे बोल्ट आवळून टाकले.

"आता मागचेबी आवळू," वेल्डर म्हणाला.

"थांब. पाणी धरल्याशिवाय माझं काम पुरं होत न्हाई."

लेव्हल बघायची पाण्यानं भरलेली नळी आणली. मागच्या दोन कोपऱ्यांना नळीची दोन टोकं धरली. मोरीकडचा कोपरा बोटभर खाली निघाला. वेल्डर म्हणाला, "गवंडी, ही गाडी हाय, स्लॅब न्हाई."

"पाणी खोटं बोलत न्हाई," मी म्हणालो. जुन्या टायरच्या चार चकत्या कापल्या, त्या कोपऱ्याखाली सारल्या आणि बोल्ट असे आवळले की पाना वाकायची पाळी आली. परत नळी धरली. पाणी एका रेषेत. मी मुलाकडं बघितलं.

संध्याकाळी फाळका चढवला आणि आमच्या घरच्यांना बोलावलं. त्यांनी पदर खोचला, एका हातानं फाळका उचलला आणि ढकलला. उजवी कडी बसली. डावी दोन बोटं लांब राहिली. दोन्ही हातांनी ढकललं तरी तीच गत. मुलानं नुसता मोबाईल काढला.

"फाळकाच वाकडा आणलाय," मी म्हणालो.

"दुपारी जमिनीवर ठेवून तुमीच बघितला हुता," वेल्डर म्हणाला. "तवा सरळ हुता."

मला राग आला. नळीतलं पाणी अंगणात फेकून दिलं आणि ओट्यावर बसलो.

आमच्या घरच्या तिथंच उभ्या होत्या, खाली बघत.

"अवो, ते पानी कुठं चाललंय बघा."

"मोरीकडं. दुसरीकडं कुठं जाणार?"

"मंग गाडी कशावर उभी हाय?"

वेल्डर एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं.

अंगणाचा कोबा मीच घातला होता. थेंबभर पाणी उभं राहू नये म्हणून मोरीकडं उतार मीच काढला होता आणि येईल त्याला तो उतार मीच दाखवायचो. त्या उतारावर गाडी उभी करून मी हौदा पाण्याला सरळ केला होता. पुढून चेसीला आवळलेला, मागून एकीकडं उचललेला. पिळलेल्या हौद्याला फाळका लागणार कसा?

रात्री आमच्या घरच्यांनी भाकरी वाढताना माझं ताट जरा मोरीकडं तिरकं धरलं.

दुसऱ्या दिवशी दिसायला लागल्याबरोबर मी उठलो. गाडी अंगणातून काढून सपाट डांबरी रस्त्यावर लावली. मागचे बोल्ट ढिले केले, चारही चकत्या काढल्या, हौदा आपल्या वजनानं चेसीवर बसू दिला आणि मग आवळला. नळी घरातच ठेवली होती. आमच्या घरच्या दुधाची बादली घेऊन निघाल्या होत्या, त्यांना हाक मारली. त्यांनी बादली खाली ठेवलीसुद्धा नाही. मोकळ्या हातानं फाळका उचलून लोटला. दोन्ही कड्या एकदम बसल्या. मुलगा दारात दात घासत उभा होता, त्यानं बघितलं.

"उतार तुमी ध्यानात आणून दिला म्हणून," मी त्याला ऐकू जाईल असं म्हणालो. तेवढं माझ्यासाठी लई झालं.

आठ वाजता भंगारवाला आला. त्याला कबूल केल्याप्रमाणं चहा पाजला. रिकामा जाऊ नये म्हणून सडका जुना हौदा मी स्वतः हात लावून त्याच्या टेम्पोत चढवला. त्याच्या टेम्पोचा फाळका लावायला आम्ही दोघं लागलो.