तांदळात लिहिलेलं नाव

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पलीकडून एक अनोळखी बाई म्हणाली, "जया आंटी आज सुबह चल बसीं." मी म्हटलं, "रॉंग नंबर," आणि फोन ठेवला. उरलेली जुडी निवडून झाली, देठं टाकून आले, तर पुन्हा फोन. या वेळी हरीश होता, लाजोचा मुलगा. "मावशी, मघाशी माझ्या मेहुणीने केला होता... मम्मी गेली." तेव्हा कुठे लक्षात आलं की जया म्हणजे लाजो. रेशनकार्डावर, दारावरच्या पाटीवर ती लग्नापासून जयाच होती. मला ते ठाऊक होतं, पण त्या नावाने मी तिला कधी हाक मारली नाही. त्याला महिना होऊन गेला. रडू अजून आलेलं नाही. मुलांनो, तुम्हाला लाजो आजी फक्त पापड पाठवणारी म्हणून माहीत, तेव्हा क्रमाने सांगते.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत उतरली. पुढे त्याचं उल्हासनगर झालं, आम्ही नुसतं कॅम्प म्हणायचो. माझे वडील अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात अधिकारी होते. लाजवंती आमच्या शाळेत आली ती माझ्याच वयाची, पण मराठी येत नाही म्हणून तिला खालच्या वर्गात बसवलेलं. वही ती शेवटच्या पानापासून उघडायची, कारण तिकडे ती उजवीकडून डावीकडे लिहायला शिकली होती. बाईंनी तिला अक्षरं शिकवायचं काम माझ्यावर सोपवलं. मी 'अ' काढून दाखवला. ती म्हणाली, "ये बाद में. पहले माझं नाव." मग तिने पाटीभर लाजवंती, लाजवंती असंच लिहिलं, दुसरं काही नाही.

त्यांच्या बराकीत कितीतरी कुटुंबं राहत, मध्ये गोणपाटाचे पडदे. शिकारपूरला तिमजली घर असलेले तिचे वडील इथे हातगाडीवर गोळ्या-बिस्किटं विकत. मी गेले की तिची अम्मा म्हणायची, "अचु धीअ, वेहु." ये मुली, बस. आणि काही विचारायच्या आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे यायचं. "त्यांच्याकडे पाणी पिऊ नकोस," असं आईने मला बजावलं होतं. दोन-तीन वर्षांत आई स्वतःच दुपारची त्यांच्याकडे पापड लाटायला जाऊन बसू लागली. हे कधी बदललं, कसं बदललं, यावर घरात कोणी एक शब्द बोललं नाही.

एकदा मी अम्माला तिचं नाव विचारलं. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "सासरचं रुक्मिणी. लग्नात बदलतात ना."

"आणि माहेरचं?"

तिने पुढची लाटी पोळपाटावर घेतली. लाजो म्हणाली, "सांग ना, अम्मा."

"त्या नावाने हाक मारणारे सगळे गेले, कोई कहाँ, कोई कहाँ... आता सांगून काय करू?" तिने सांगितलं नाही. शेवटपर्यंत सांगितलं नाही. संध्याकाळी नळावर बादली भरताना लाजो म्हणाली, "घर गेलं ते गेलं. नाव मी देणार नाही."

माझं लग्न आधी झालं, बदलापूरला. आपल्याकडची रीत तुम्ही पाहिलेली नाही. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. तुमच्या आजोबांनी 'सुमित्रा' लिहिलं. सगळ्या बायका वाकून बघत होत्या. लाजो पुढे झाली, तळहाताने तांदूळ सारखे केले आणि बोटाने, ठसठशीत, लिहिलं... कुसुम. माझं माहेरचं नाव.

"अगं ए भवाने, काय केलंस हे!" माझ्या चुलतसासूबाई ओरडल्या.

"मावशी, तांदूळ तर तेच आहेत," लाजो म्हणाली. "भात बिघडणार नाही."

आजोबाच आधी हसले, मग बाकीचे. जाताना ती मला म्हणाली, "बदलापूरला दिली म्हणून बदलली होय गं तुला?"

तिच्या लग्नाची वेळ आली तेव्हा मात्र हसायला कोणी नव्हतं. ती तोवर कॅम्पातल्या एका शाळेत शिकवू लागली होती, सर्टिफिकेटावर लाजवंती होतं. ते तिने सासूला सांगून पाहिलं, अम्माकरवी सांगून पाहिलं. लग्न लावणाऱ्या महाराजांनी पत्रिका बघून जया सांगितलं, आणि जया ठरलं. पाठवणीच्या वेळी सासू पुढून म्हणाली, "जया, चल." लाजो हलली नाही. एकदा, दोनदा हाक झाली. ती गर्दीत मला शोधत होती. मी मोठ्याने म्हटलं, "लाजो!"

सासूने वळून विचारलं, "ये कौन?"

"मैं," लाजो म्हणाली, आणि मग चालू लागली. माझ्याजवळून जाताना थांबली. "तू मला हेच म्हण. मी तुला कुसुम म्हणीन. बस्स."

तेवढंच ठरलं आणि तेवढं आम्ही पाळलं. आमच्या ओसरीवर, दवाखान्यात, मुलांच्या लग्नांत, शेवटी शेवटी फोनवर... "कुसुम, जेवलीस?"

बाराव्याला मी लाजोच्या विठ्ठलवाडीच्या घरी गेले. मला पापड आणि पाणी दिलं. फोटोला हार होता, खाली जया असं लिहिलं होतं. हरीश माझ्या शेजारी येऊन बसला. "मावशी, तुम्ही मम्मीला लाजो म्हणायचात. पूरा नाम क्या था?"

मी सांगितलं. त्याने ते एकदा हळूच म्हणून बघितलं, नव्या पाहुण्याचं नाव म्हणून बघावं तसं. "लाजवंती."

तुम्ही मला आजी म्हणता. बाकी सगळ्यांना मी सुमित्राबाई, तुमच्या आजोबांनाही सुमित्राच होते. काल ताटात तांदूळ घेतले. हल्ली खडे निघत नाहीत, तरी मी निवडते. तळहाताने सारखे केले आणि बोटाने लाजो लिहिलं. शेजारी आणखी एका नावापुरती जागा होती. ती तशीच ठेवली. मग तांदूळ धुतले आणि कुकर लावला.