गप्प झालेले बॉक्स

वडाळ्याच्या एका औषधांच्या गोदामात मी डेटाचं काम पाहायचो. प्रत्येक बॉक्सवर रेडिओ टॅग असायचा आणि कोल्ड रूममधली यंत्रं तो सतत वाचत राहायची. बॉक्स जागचा हलला नाही तरी ‘मी इथे आहे’ एवढंच दिवसभर नोंदलं जायचं. त्या ढिगाऱ्याखाली सर्व्हर इतका तुंबायचा की माल निघून गेल्यावर रिपोर्ट हातात यायचा.

साहेब म्हणाले, बॉक्स आला आणि गेला एवढंच ठेवा, मधलं उडवा. मला पटलं. शेजारी बसणाऱ्या मॅडमना नाही पटलं. त्या गिरगावच्या, निवृत्तीला आलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या.

“मधलं उडव, पण बॉक्स मध्येच गप्प झाला तर तेवढं ठेव. कधी गप्प झाला, कधी परत बोलला.”

उगाच वाढीव काम, असं मनात म्हणत मी तसा प्रोग्रॅम लिहिला. सर्व्हर सुटसुटीत झाला.

मे महिन्यात एका दुपारी रिपोर्टमध्ये इन्सुलिनचे काही बॉक्स दिसले. सगळे जेवणाच्या सुट्टीआधी गप्प झालेले आणि सुट्टीनंतर पुन्हा बोलू लागलेले. माल टेम्पोत चढून गेलाही होता.

“पातळ औषध रेडिओ लहरी अडवतं, टॅग नीट वाचले जात नाहीत,” साहेब म्हणाले. तसं होतंही.

“एखादा बॉक्स असता तर मानलं असतं, सर. सगळे एकदम गप्प आणि सगळे एकदम सुरू?” मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “ड्रायव्हरला फोन लाव.”

तो माटुंग्यापर्यंत पोचला होता. कुरकुरत परत आला. बॉक्स उघडले, तर आतल्या उष्णता दाखवणाऱ्या स्टिकरचा रंग बदललेला. नवा माल लावताना जागा हवी म्हणून हे बॉक्स बाहेर माल चढवायच्या फलाटावर काढले होते. तेवढ्यात सुट्टी झाली, ते उन्हात राहिले. नंतर कुणीतरी निमूटपणे आत ठेवले.

तो माल नष्ट करायला पाठवला. मॅडम डबा धुवायला गेल्या.

संध्याकाळी लालबागला घरी आलो. आईने रोजच्यासारखं फ्रिजमधून इन्सुलिन काढलं. मी ते हातात घेऊन खोक्यावरचं नाव वाचलं. कंपनी दुसरीच होती.

“काय बघतोस रे?”

“काही नाही,” म्हणालो आणि परत दिलं.