एकाच बाजूने ऐकू येणारे फोन

आमच्या शाखेत नवे फोन आले तेव्हा मला वाटलं, फोन म्हणजे फोन, त्यात समजण्यासारखं काय असतं? पण हे निघाले भलतेच. फोन आमच्या टेबलावर आणि त्यांचा मेंदू, म्हणजे सर्व्हर, दूर मुख्य कचेरीत. मी शेजारच्या टेबलावर फोन लावला तरी तो म्हणे आधी तिकडे जाऊन विचारून येतो. हाक मारली तर हातभर अंतर, आणि हे शहाणे गावभर फिरून येणार. ही अक्कल कोणाची, देव जाणे.

मी या पंपदुरुस्तीच्या शाखेत स्टोअर सांभाळतो. माझा संबंध वॉशरशी आणि धुळीशी. फोनच्या भानगडीत मी सापडलो तो आमच्या ऑपरेटर ताईंमुळे. सगळे त्यांना हॅलोताई म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्या रागावत नाहीत. लग्नानंतर वर्षाच्या आत त्या इथे लागल्या, तेव्हापासून दारासमोरच्या त्याच खुर्चीत आहेत. गिऱ्हाईक तोंड उघडतंय तोच "काय, परत जळाली का मोटार?" असं विचारून मोकळ्या. घरचा फोन वाजला तरी "नमस्कार, पंप विभाग" म्हणतात. एकदा तर सासूबाईंच्या सख्ख्या भावाला त्यांनी "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं सांगून वाटेला लावलं होतं. मामेसासरे वर्षभर फुगून बसले होते.

नवऱ्याचं शिलाईचं दुकान बसल्यापासून घर ताईंच्याच पगारावर चालतं. त्या कधी बोलत नाहीत, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून नव्या फोनांची बातमी आली आणि कुजबुज सुरू झाली, की आता कॉल मुख्य कचेरीतच घेणार, इथे ऑपरेटर कशाला, तेव्हा ताईंचं जेवणात लक्ष लागेना. मुख्य कचेरीतले मोठे साहेब शाखेत आले तेव्हा ताईंनी सरळ त्यांनाच विचारलं. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुमची खुर्ची कुठे जात नाही ताई. फक्त ही जोडणी तेवढी नीट करून घ्या." ताईंचा जीव भांड्यात पडला आणि जोडणी गळ्यात पडली. त्यांच्या मदतीला मी, कारण शिडी माझ्याकडे असते.

मुख्य कचेरीत एक जोडणीवाला होता. तो तिकडून मोबाइलवर सांगणार, आम्ही इकडे करणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. फोन जोडले, ते वाजूही लागले. गोंधळ त्याच्यापुढचा. समोरच्याचं आम्हाला स्वच्छ ऐकू यायचं, आणि आमचं त्याला काहीच नाही. ताई घसा फोडून हॅलो म्हणतायत आणि पलीकडचा आपला "कोणी उचलतंय का?" करतोय. फोन ना धड मेलेला, ना धड जिवंत.

"राउटर बंद करून चालू करा," जोडणीवाला म्हणायचा. मी शिडीवर चढून भिंतीवरचा डबा बंद करायचो.

"बंद केला?"

"केला," ताई खालून सांगायच्या.

"मग इथे माझ्या पडद्यावरून तुमचे फोन गायब व्हायला हवेत. होत नाहीयेत."

"अहो, बंद आहे. दिवासुद्धा नाही."

"मग फोन चालू कसे?"

"ते तुम्हीच सांगायचं ना."

रोज हेच. मी शिडीवर उभा राहून दोघांचं ऐकायचो आणि वाटायचं, या तिघांत वेडं नेमकं कोण, आणि तो मीच निघालो तर?

शेवटी ताईंनी आपली पद्धत बसवली. टेबलावरच्या फोनवर ऐकायचं आणि पडद्यावरचा नंबर बघून मोबाइलवरून उत्तर द्यायचं. एका कानाला रिसीव्हर, दुसऱ्या हातात मोबाइल. गिऱ्हाईक वैतागून फोन खिशात टाकायचं आणि त्याच क्षणी त्याचा खिसा वाजायचा. लोक दचकायचे, पण काम चालायचं. आमच्या शाखेत काही बिघडलं की ते दुरुस्त करण्याआधी आम्ही त्याच्याबरोबर नांदायला शिकतो.

आणि मग मोठ्या साहेबांचा फोन आला, चाचणीसाठी. मलाही कळावं म्हणून ताईंनी स्पीकर लावला. साहेबांनी चार वेळा हॅलो केलं, ताईंनी चारही वेळा उत्तर दिलं. मग ताई मोबाइल शोधायला लागल्या, तो कागदांखाली गेला होता. तिकडे साहेबांनी फोन ठेवलाच नाही. कोणालातरी म्हणाले, "कोणी उचलत नाही. पण हे या आठवड्यात संपवा. पहिल्या तारखेपासून सगळे कॉल इथेच घ्यायचेत. आणि त्या बाईंना आत्ताच काही बोलू नका. जोडणी होईपर्यंत त्या लागतील."

गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात. इथे गरज सरायच्या आधीच वैद्याची तारीख ठरली होती.

ताईंच्या हाताला मोबाइल लागला होता, पण त्यांनी तो उचलला नाही. "भाऊ, हे साहेबच होते ना?"

"तेच."

"मग तेव्हा इथे चहा पीत बोलले ते कोण होते?"

मी संतापलो होतो. म्हटलं, "ताई, आता हात लावू नका कशालाच. राहू दे असंच. जोडणी अर्धवट आहे तोवर खुर्ची आहे. घोळ घालायला मी आहे ना." मला तेव्हा ही फार हुशारीची गोष्ट वाटली होती. ताईंनाही पटलं असावं. त्या नुसत्या टेबलाची कड पुसत बसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. कोणी म्हातारे गृहस्थ होते. घरात पाण्याचा थेंब नाही, मोटार बंद, बायको आजारी. "हॅलो? आहे का कोणी तिकडे?"

"आहे हो, आहे," ताई म्हणाल्या. पडद्यावर नंबर उमटला नव्हता, त्यामुळे मोबाइलचा उपयोग नव्हता. तरी त्या बोलतच राहिल्या. "बोला ना काका, मी इथेच आहे."

"कोणीच नाही," ते घरात कोणाला तरी म्हणाले आणि फोन बंद झाला.

ताई उठल्या. "हे मला नाही जमायचं भाऊ. मी इथे बसून ओ देते आणि माणूस म्हणतो कोणी नाही." त्यांनी आपल्या फोनची वायर चिमटीत धरली आणि ती जाईल तिकडे निघाल्या. टेबलाखालून, दाराच्या चौकटीवरून, थेट माझ्या स्टोअरमध्ये. मी मागोमाग. वायर पंपांच्या खोक्यांमागे गेली होती. खोकी ओढली तर मागे इंटरनेटवाल्यांनी कधीतरी बसवलेला दुसराच डबा, दिवे लुकलुकतायत. भिंतीवरचा जुना होता, त्याला आता कशाचाच धागा उरला नव्हता. इतके दिवस आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो.

ताईंनी जोडणीवाल्याला मोबाइल लावला. त्याने सांगितलं त्याप्रमाणे माझ्या संगणकावर त्या डब्याच्या सेटिंगचं पान उघडलं आणि एका चौकोनातली बरोबरची खूण काढून टाकली. ती खूण आमचा आवाज वाटेत का अडवत होती, हे त्याने समजावलं. मला कळलं नाही. ताईंनाही कळलं असेल असं वाटत नाही.

"काढताय काय, विचार करा," मी हळूच म्हटलं होतं. पण तोवर त्यांनी काढलीच होती.

आम्ही टेबलाशी पोचलो तर फोन वाजत होता. मोठे साहेब, जोडणीवाल्याने कळवलं असणार. ताईंनी या वेळी स्पीकर लावला नाही, पण आवाज बाहेर येत होता.

"हॅलो? ताई? आता येतोय का माझा आवाज?"

"येतोय साहेब," ताई म्हणाल्या. "माझा तुम्हाला आज यायला लागला. तुमचा मला पहिल्यापासून येत होता. मघाशीसुद्धा. पहिल्या तारखेपासून मी कुठे बसू, तेवढं सांगा."

पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं, झालं, गेली लाईन परत. मी वायरीकडे वाकलो.

ताईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. "राहू द्या भाऊ. फोन लागलाय. ते बोलत नाहीयेत."