मराठीसाठी तीन दाबा

रायपूरजवळच्या उरल्याच्या रोलिंग मिलांना कन्व्हेयर बेल्ट पुरवणाऱ्या अच्युतराव पाटणकरांच्या दुकानावर ‘पाटणकर बेल्टिंग’ अशी पाटी आहे. दुकान गोल बाजारात, त्यामुळे पँटीचा पट्टा मागणारेही अधूनमधून येतात. अच्युतराव त्यांनाही बसवून घेतात, चहा पाजतात. बायको, कुसुमताई, गेल्यापासून तर हे चहापान जरा लांबतंच.

दुकानातला जुना फोन रस्ता खोदला की मरायचा आणि रस्ता बुजवला तरी मेलेलाच राहायचा. शिवाय अच्युतराव उरल्याला गेले की उचलणार कोण? म्हणून इंटरनेटवरचा फोन घ्यायचं ठरलं. एकच नंबर, दुकानात वाजेल आणि खिशातल्या मोबाइलवरही.

असे फोन बसवून देणारा यशदीप मेश्राम दोन योजना घेऊन आला. रेल्वेतल्या बापाचा पोट्टा. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीतच.

“अंकल, सस्ता वाला लो. हिंदी के लिए एक, इंग्लिश के लिए दो. धंधे को इतना बहुत है.”

“अन् मराठी?”

“वो महँगे वाले में है. पर रायपुर में तीन कौन दबाएगा?”

“काहून? तू दाबशील ना!”

यशदीप लाजून हसला. “मैं तो एक ही दबाऊँगा अंकल. आदत है.”

अच्युतरावांनी आयुष्यात कधी महागाचा नट विकत घेतला नव्हता. पण आता घरी मराठी बोलायचं तर कुकरशीच. तो शिट्टीनं उत्तर देतो खरा, पण अलीकडे त्यांना तीही हिंदीच वाटायला लागली होती. त्यांनी महागाची योजना घेतली. “महिनाभर देखते हैं,” यशदीप म्हणाला, “तीन पर कोई नहीं आया तो सस्ते में डाल दूँगा.”

मग दार लावून, घसा खाकरून त्यांनी स्वतःच्या आवाजात भरलं, “मराठीसाठी तीन दाबा.” पहिल्यांदा आवाज सरकारी आला, दुसऱ्यांदा रडका. तिसरा ठेवला.

फोन वाजला की पडद्यावर दाबलेला आकडा दिसायचा. एक, एक, दोन, एक. एकदा तीन आला. अच्युतराव खुर्चीतून जवळजवळ उठलेच. “नमस्कार, बोला!”

“भैया, गलती से दब गया. बेल्ट का ट्रक निकला क्या?”

“निकला, निकला. पण दबलंच आहे तर बसा दोन मिनिटं...” पलीकडचा कधीच गेला होता.

महिना सरत आला तेव्हा एका दुपारी एक दिसला आणि ओळखीचा आवाज आला. बंगळूरचा नील, त्यांचा एकुलता एक मुलगा.

“पापा, मोबाइल क्यों नहीं लग रहा? मुझे टेन्शन हो गया.”

“चार्जिंग संपली. ऐक, फोन ठेव. परत लाव अन् तीन दाब.”

“पापा, उठाना तो आप ही को है!”

“हव. म्हणूनच म्हणून राहिलो.”

नील हसला आणि फोन बंद झाला. अच्युतराव फोनकडे बघत बसले. बराच वेळ काहीच नाही. पोट्टा कंटाळला असणार, त्याचं तरी काय चुकलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. तीन.

“हॅलो. बाबा?”

“बोल रे.”

पलीकडे ऑफिसातले आवाज, कुणीतरी हसलं. नील आईचे जुने फोन आठवत असावा, कारण शेवटी तिचाच प्रश्न आला.

“जेवले का?”

“जेवलो,” अच्युतराव खोटं बोलले. “तू?”

“मी... हो. मी पण.”

दोघंही पुढचा शब्द शोधत होते. बापाकडे इतके होते की त्यातला कोणता काढावा कळेना. मुलाकडचे एवढ्यातच संपले होते.

“पापा, मीटिंग है. रखता हूँ, हाँ?”

“ठेव.”

दुसऱ्या दिवशी यशदीपचा फोन आला. एक दाबूनच. “अंकल, तीन पर दो ही कॉल दिख रहे हैं. बंद कर दूँ?”

“नको. चालू ठेव.”

“पर किसके लिए?”

“आमचा पोट्टा आताशी शिकून राहिला,” अच्युतराव म्हणाले. “एवढ्यात लाइन कापू नको.”

“ठीक है, अंकल,” यशदीप म्हणाला.