लोणच्याच्या दिवसांतला अंक

आमच्या घरात एक गोष्ट आहे आणि ती सांगायचं काम माझ्याकडे आहे. कोणी दिलं नाही, मीच घेतलं. गोष्ट अशी : जबलपूरला रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरांमधल्या बुद्धविहारात जयंतीचा कार्यक्रम होता. माझी आई, जी लग्नानंतर बाबांकडून अक्षरं शिकली होती, हातात कागद न घेता उभी राहिली आणि सगळ्या वस्तीसमोर तिने भाषण केलं. ते नागपूरच्या एका मराठी साप्ताहिकात छापून आलं. बाबा अंक घेऊन सायकलवरून घरी आले तेव्हा आईचे हात कोपरापर्यंत लोणच्याच्या मसाल्यात होते. अंक घेणार कसा? मग बाबांनी तो तिच्यासमोर आरशासारखा धरला आणि तिने स्वतःची बातमी स्वतः वाचली.

ही गोष्ट मी लग्नांत सांगितली, साखरपुड्यांत सांगितली, एकदा रेल्वेच्या रिझर्वेशनच्या रांगेत पुढच्या माणसालाही सांगितली. त्याने दुसरी खिडकी धरली. घटनेच्या वेळी मी आईच्या पोटात होतो, ही बारीकशी अडचण मी कधी मध्ये येऊ दिली नाही.

मध्ये यायची ती ताई. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, त्या दिवशी सतरंजीवर पहिल्या रांगेत बसलेली. तिचं लग्न सिहोऱ्यात झालं. घरात काही कार्यक्रम असला की बसने यायची, आणि मी भाषणापर्यंत पोचलो की हमखास बोलायची, "काहून फेकून राहिला रे? भाषण नव्हतं ते. आभार मानले होते आईनं. दोन मिनिटं."

मी म्हणायचो, तू लहान होतीस. ती म्हणायची, तू तर नव्हताच. सगळे हसायचे आणि बायको चहा ठेवायला उठायची. इतकं ते ठरलेलं होतं, की चहा गोष्टीचाच भाग झाला होता.

ताई मागच्या हिवाळ्यात गेली. उन्हाळ्यात बायको बंगलोरला गेली, मुलीच्या बाळंतपणाला. जाताना फ्रिजवर कागद चिकटवून गेली : गॅस बंद करणे, दूधवाल्याला सांगणे, उगीच मोठमोठ्याने बोलत बसू नये. शेवटची सूचना तिने गंमत म्हणून लिहिली असावी. पण ऑफिसातून आल्यावर मी खरंच टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं देऊन राहिलो होतो.

नात झाली. मुलीचा फोन आला, "पापा, वो आजी की स्पीचवाली स्टोरी रेकॉर्ड करके भेजो ना. मराठीत. ही मोठी झाली की ऐकेल." मुलीला मराठी सगळी समजते, बोलताना मात्र अर्ध्या वाटेत हिंदीची बस पकडते.

मी तयार होतोच. रविवारी दुपारी अंघोळ करून, केस विंचरून (आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी), मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून बसलो. गोष्ट छान चालली. भाषणापर्यंत आलो आणि थांबलो. सवयीने. ऐकून पाहिलं तर तिथे नुसता पंख्याचा आवाज होता.

त्या जागी मला पहिल्यांदा भीती वाटली. भाषण झालं होतं का खरंच? की मीच कुठल्याशा लग्नात, जेवणाला उशीर होत होता म्हणून, ते रचलं? गोष्टीत मी काय काय घातलं ते मलाच आठवेना. आणि विचारणार कोणाला? आई नाही, बाबा नाहीत, ताई नाही. चाळीस वर्षं मी ताईला म्हणत होतो, की मला मध्ये टोकू नको. आता टोकणारं पृथ्वीवर कोणी उरलं नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी ते खरं झालं असतं. नातीला ते द्यायचं मला धाडस होईना.

मुलीला इतकंच म्हणालो, की तो अंक मिळाला तर बरं. तिने एका मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीची लिंक पाठवली. जुनी वर्तमानपत्रं कुठे, कोणत्या वर्षांची ठेवली आहेत, ते घरबसल्या दिसतं म्हणे. मला वाटलं, दुकानात मागावं तसं मागायचं. मी टाइप केलं, 'आईचे भाषण रांझी'. उत्तर आलं, शून्य. नुसतं 'आई' टाकलं. मातृत्वावरची चारशे पुस्तकं आली.

मग साप्ताहिकाचं नाव टाकलं. आणि ते निघालं. नाव, गाव, वर्षं आणि पुढे एक ओळ : काही अंक गहाळ, काही पाने जीर्ण. वर्षांमध्ये माझ्या जन्माचं वर्षही होतं. वेटिंगचं तिकीट असताना चार्टवर आपलं नाव दिसावं, तसं झालं. पण सूची म्हणजे फक्त कोणत्या कपाटात काय आहे त्याचा पत्ता. आतलं पान पाहायचं तर अर्ज भरायचा, तारीख सांगायची, मग ते फोटो काढून पाठवतात. अर्जात विचारलं होतं, कशासाठी हवं? मी लिहिलं, 'वाद मिटवणे'. खोडलं. 'कौटुंबिक' लिहिलं.

जयंतीनंतरचा पहिला अंक मागितला. चार दिवसांनी पानं आली. दंतमंजनाच्या जाहिरातीसुद्धा मी भिंगातून वाचल्या. उमरेडची जयंती होती, भंडाऱ्याची होती, जबलपूरचं नाव नाही. पुढचा अंक मागितला. नाही. त्याच्या पुढचा. नाही. तेव्हा ग्रंथालयातल्या बाईंचाच फोन आला. आवाजावरून माझ्याच वयाच्या वाटल्या. त्या म्हणाल्या, अंक जुने आहेत, प्रत्येक वेळी पुठ्ठा उघडला की कडा झडतात, तेव्हा नीट तारीख सांगा.

मी म्हणालो, जयंतीची बातमी जयंतीच्या आठवड्यातच येणार ना.

"भैया, ते आत्ता. तेव्हा बातमी पोस्टानं यायची. आधी गावातली लागायची, मग जवळची, मग तुमच्यासारखी लांबची. जागा उरली तर. दुसरी काही खूण आहे का?"

नाही म्हणालो आणि फोन ठेवला. सकाळी केकचा फोटो काढून दुपारी नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांकडून अंगठे गोळा करणारा माणूस मी. बातमीला प्रवास करावा लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी घरात बसवेना म्हणून कमानिया गेटकडे गेलो. काही घ्यायचं नव्हतं. एकटा माणूस बाजारात फिरताना उगीच भाव विचारतो, म्हणजे बोलणं होतं. तिथे एक माणूस फळीला बसवलेल्या सुऱ्याने लोणच्याच्या कैऱ्या फोडून देत होता. मी भाव विचारला आणि उत्तर ऐकायच्या आत जागीच उभा राहिलो. लोणच्याच्या कैऱ्या बाजारात यायला आत्ता कुठे, मे सरता सरता, लागल्या होत्या, आणि आई तर लोणचं जूनमध्ये घालायची, कैरीत कोय घट्ट झाल्यावर. जयंती एप्रिलमध्ये. आईच्या हाताला जर मसाला होता, तर अंक जूनचा होता.

गोष्टीतली ती लोणच्याची जागा मला नेहमी माझीच कलाकुसर वाटायची. सुंदर वाटायची म्हणून खोटी वाटायची. आणि तिथे उभ्या उभ्या आणखी एक लक्षात आलं. ताईने भाषणाला दरवेळी हरकत घेतली. लोणच्याला कधीच घेतली नाही.

सोमवारी मीच फोन केला आणि जूनचे अंक पाहा म्हणालो. बाईंनी विचारलं, जयंतीची बातमी जूनमध्ये कशी?

"मॅडम, आईनं लोणचं घालायला घेतलं होतं."

त्यांनी 'जून' लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मग जूनच. बघते."

पानं तिसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या पानावर, तळाला, नऊ ओळी. वर लिहिलेलं, आमच्या वार्ताहराकडून. अध्यक्ष कोण होते, गाणी कोणी म्हटली, खीरदान झालं. शेवटच्या ओळीत बाबांच्या नावाआधी सौ. लावून आई होती. तिने आभार मानले होते.

आभार. मी एकटाच खुर्चीत इतका हसलो, की पाण्याचा ग्लास सांडला. हसत हसत फोन उचलला आणि ताईचं नाव काढलं. नंबर अजून आहे. फोटोत ती कुठेतरी भलतीकडे पाहते आहे. तू जिंकलीस, एवढंच सांगायचं होतं. बोट बराच वेळ हिरव्या बटणाजवळ ठेवलं आणि मग पाणी पुसायला उठलो.

पुसताना सुचलं. तो वार्ताहर कोण? फॅक्टरीत फिटर असलेले आमचे बाबा. वस्तीत अक्षर त्यांचंच चांगलं, म्हणून कार्यक्रमाची बातमी लिहून पोस्टाच्या पेटीत टाकायचं काम त्यांचं. आणि बाबा तर स्वतःच्या ताटात दुसरी पोळी मागायला लाजायचे. आपल्या बायकोने भाषण गाजवलं, असं ते वर्तमानपत्राला कळवतील? अध्यक्षांच्या वर? भाषण झालं असेल, तरी त्यांनी आभारच लिहिले असते. म्हणजे वाद मिटला नव्हता. माझ्याकडे चाळीस वर्षांत पहिल्यांदा दमदार मुद्दा आला होता आणि तो ऐकवायला समोर कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पुन्हा डब्याला मोबाइल टेकवला. गोष्ट सांगितली. लोणचं जसंच्या तसं ठेवलं. भाषणापाशी आल्यावर म्हणालो, की बातमीत आभार आहेत, पण बाबा लाजाळू होते, ऐकणाऱ्याने काय ते ठरवावं. आणि थांबलो. या वेळी सवयीने नाही. जेवढा वेळ ताईला लागला असता तेवढा वेळ थांबलो, मग पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी मुलीचा मेसेज आला. पापा, बहुत अच्छा है, पण मध्ये थोडा वेळ आवाजच नाही, नुसता पंखा ऐकू येतो, तेवढं कापून टाकू का?

मी लिहिलं, कापू नको. तिथे तुझी आत्या बोलते.